चित्रीकरणाची परवानगी

मुलांनो, तुम्हांला छत्रपती संभाजीनगरच्या बीबी का मकबऱ्यावर छोटा चित्रपट काढायचा आहे, असे समजा. दिवे आणि ट्रायपॉड घेऊन थेट दारात जाल, तर पहारेकरी अडवील. त्याच्यावर रागावू नका. तारा, दिवे आणि गर्दी यांनी तेथील जुन्या गिलाव्याच्या नक्षीला धक्का पोहोचू शकतो. शिवाय ही वास्तू भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याकडे आहे. १९५९ च्या नियमांनुसार अशा ठिकाणी चित्रपट काढण्यासाठी लेखी परवाना लागतो. म्हणून मुख्याध्यापकांच्या सहीचा अर्ज बरेच दिवस आधी द्या. त्यात विषय, तारीख, वेळ, मुलांची संख्या व सामान लिहा. ट्रायपॉड विसरू नका. पुष्कळदा गाडे तिथेच अडते! परवाना मिळाला, तरी बाहेरच्या फेरीवाल्याचे चित्र घेण्यापूर्वी त्याला विचारा. तो ‘नको’ म्हणाला, तर कॅमेरा दुसरीकडे वळवा.