कपाळावरचा लेख आणि आपली लेखणी



आपल्या वस्त्यांतून आज पुष्कळ तरुण-तरुणी कविता लिहितात. जयंतीच्या कार्यक्रमात त्या म्हणून दाखवतात, वहीत जपून ठेवतात. विषय बहुधा एकच असतो: माझे आयुष्य असे का घडले? आईवडिलांचे कष्ट, अर्ध्यावर सुटलेली शाळा, हुकलेली नोकरी, मनाविरुद्ध झालेले लग्न. विषय चांगला आहे. दुःखाचे कारण शोधणे हीच तर धम्माची सुरुवात आहे.

पण या कविता वाचताना एक गोष्ट खटकते. दीक्षा घेतलेल्या घरातील कवितेतही दुसऱ्या-तिसऱ्या ओळीत 'नशीब' येते, 'प्राक्तन' येते, 'दैवाचा फेरा' येतो. देव्हाऱ्यातले देव गेले, पण त्यांचे शब्द जिभेवर राहिले. आजच्या पाठात या शब्दांचा विचार करू या आणि आपली जीवनकहाणी कवितेत सांगताना धम्माची दृष्टी कशी ठेवावी ते पाहू या.

१. हे शब्द आपल्याकडे कसे राहिले?

मूल जन्मल्यावर पाचव्या किंवा सहाव्या रात्री सटवाई येते आणि त्याच्या कपाळावर भविष्य लिहून जाते, अशी समजूत महाराष्ट्रात खेडोपाडी होती. अजूनही पुष्कळ ठिकाणी आहे. त्या रात्री बाळापाशी कोरा कागद व लेखणी ठेवण्याची चाल आहे. विचार करा. ज्यांच्या पोरांना शतकानुशतके लेखणीला हात लावू दिला नाही, त्यांच्या घरात लेखणी आली तर ती सटवाईच्या हाती देण्यासाठी!

'कपाळकरंटा', 'नशीब फुटले', 'भोग भोगावा लागतो' हे शब्दप्रयोग याच समजुतीतून भाषेत मुरले. बोलणाऱ्याच्या मनात सटवाई नसली तरी शब्दांत ती असते.

कवितेतही हेच झाले. चौदाव्या शतकातील संत चोखामेळा यांच्या नावावर एक अभंग आहे. आपण पूर्वजन्मी निळा होतो, त्या जन्मी कृष्णाची निंदा घडली, म्हणून या जन्मी महार झालो, असा त्याचा आशय आहे. येवढा प्रतिभावान माणूस स्वतःच्या अपमानाचे कारण शोधतो आणि शेवटी ते स्वतःच्याच पापात दाखवतो, हे वाचताना जीव तुटतो. याच चोखोबांनी इतर अभंगांत विटाळाच्या कल्पनेला रोखठोक प्रश्नही विचारले आहेत. दोष त्यांचा नाही. 'मी असा का?' या प्रश्नाला त्यांच्या काळाने एकच उत्तर हाती दिले होते. बाबासाहेबांनी १९४८ साली प्रसिद्ध झालेला अस्पृश्यांच्या मूळाविषयीचा आपला ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा या तिघांच्या स्मृतीस अर्पण केला. त्यांच्याविषयी आदर ठेवूनच त्यांच्या हाती नसलेले उत्तर आपण शोधायचे आहे.

२. भगवंतांनी नाकारलेली तीन मते

अंगुत्तर निकायाच्या तिकनिपातात भगवान बुद्धांनी तीन मतांची तपासणी केली आहे. पहिले मत: माणसाला जे सुखदुःख होते ते सर्व पूर्वी केलेल्या कर्मामुळे होते. दुसरे: ते सर्व ईश्वराच्या निर्मितीमुळे होते. तिसरे: ते सर्व विनाकारण, आपोआप होते. तिन्ही मतांवर भगवंतांचा आक्षेप एकच आहे. ही मते धरून बसणाऱ्याला 'हे करावे, हे करू नये' अशी इच्छाही उरत नाही आणि प्रयत्नही उरत नाही.

त्याच काळी मक्खलि गोसाल नावाचा आचार्य नियतीचा सिद्धांत सांगत होता. दीघ निकायातील सामञ्ञफल सुत्तात त्याचा दाखला येतो. फेकलेला सुताचा गुंडा जसा सूत संपेपर्यंत उलगडत जातो, तसे शहाणा व मूर्ख दोघेही ठरलेले फेरे संपेपर्यंत फिरत राहतात, असे तो म्हणे. कोणाच्या प्रयत्नाने काही बदलत नाही. आपण सहज म्हणतो, 'जे व्हायचे ते होणारच'. हे मक्खलि गोसालाचे मत आहे, बुद्धाचे नव्हे.

मग सर्व काही कर्माचेच फळ आहे काय? संयुत्त निकायात मोळियसीवक नावाचा परिव्राजक हाच प्रश्न विचारतो. भगवंत वेदनेची आठ कारणे सांगतात: पित्त, कफ, वात, या तिघांचा एकत्र बिघाड, ऋतूतील बदल, स्वतःची नीट काळजी न घेणे, बाहेरून झालेला आघात आणि आठवे, कर्माचा विपाक. आठांतील एक! सर्व दुःख पूर्वकर्माचेच असे म्हणणारे, स्वतः अनुभवलेले व जगात सत्य म्हणून मान्य असलेले ओलांडून बोलतात, असे भगवंत स्पष्ट सांगतात.

'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा बाबासाहेबांचा ग्रंथ त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ साली इंग्रजीत प्रसिद्ध झाला. गतजन्मीच्या कर्माच्या सिद्धांतावर त्यांनी त्यात कठोर विचार केला आहे. गरीब व दलित यांच्या स्थितीची जबाबदारी राज्याने व समाजाने झटकून टाकावी, याखेरीज या सिद्धांताचा दुसरा उपयोग त्यांना दिसला नाही. ही गोष्ट कविता लिहिताना सतत लक्षात ठेवावी.

३. सुनीत आणि पुण्णिका

आपले जीवन कसे घडले, हे कवितेत सांगण्याची परंपरा आपल्याकडे फार जुनी आहे. खुद्दक निकायातील थेरगाथा व थेरीगाथा हे दोन ग्रंथ म्हणजे भिक्षू-भिक्षुणींच्या आत्मकथनपर कवितांचे संग्रहच होत. थेरीगाथेत अशा ७३ कविता आहेत.

थेर सुनीत आपल्या गाथेत सांगतो की, तो नीच मानलेल्या कुळात जन्मला. घरी दारिद्र्य, पोटाला अपुरे. सुकलेली फुले व केरकचरा उचलणे हा त्याचा धंदा. लोक त्याची घृणा करीत आणि तो मान खाली घालून पुष्कळांना वंदन करी. एके दिवशी मगधाच्या नगरीत भिक्षुसंघासह येणारे बुद्ध त्याला दिसले. त्याने खांद्यावरची कावड खाली ठेवली आणि वंदन करण्यास पुढे गेला. भगवंत त्याच्यासाठी थांबले. त्याने प्रव्रज्या मागितली आणि ती मिळाली.

या गाथेत दैव कोठेच नाही. कावड खाली ठेवणारा हात सुनीताचा आहे. थांबणारे पाऊल बुद्धाचे आहे. एकाने निवड केली, दुसऱ्याने वाट मोकळी केली. पुढे ध्यानात पूर्वजन्मांचे स्मरण झाले असे सुनीत म्हणतो; पण 'त्या जन्मीच्या पापामुळे मी या कुळात आलो' असे तो एका शब्दानेही म्हणत नाही. मात्र कित्येक शतकांनंतर धम्मपालांनी लिहिलेल्या अट्ठकथेत ते कारण आले! पूर्वजन्मी त्याने एका प्रत्येकबुद्धाविषयी अनादराचे शब्द काढले होते, म्हणून तो असा जन्मला, अशी कथा तेथे आहे. आपली कविता आपण नीट लिहिली, तरी तिचा अर्थ लावताना दुसरा तिच्यात नशीब घालू शकतो. म्हणून कारण स्वच्छ शब्दांत लिहावे.

पुण्णिका पाणी भरणारी दासी होती. कडाक्याच्या थंडीत ती पाण्यात उतरे. का? मालकिणींच्या काठीच्या आणि शिव्यांच्या भीतीने, असे ती पहिल्याच गाथेत सांगते. 'माझे नशीब' असे न म्हणता ती 'काठी' म्हणते. मग त्याच थंडीत पाप धुण्यासाठी बुडी मारणाऱ्या ब्राह्मणाला ती विचारते की, पाण्याने पाप जात असेल तर बेडूक, कासवे, मगरी सगळ्यांनाच स्वर्ग मिळेल ना? स्वतःच्या थरथरण्याचे खरे कारण जिला ठाऊक होते, तिलाच दुसऱ्याचे खोटे कारण ओळखता आले.

थेरीगाथेत इसिदासीची गाथा मात्र वेगळी आहे. तीन विवाह मोडले याचे कारण ती गतजन्मांत शोधते. हेही आपल्याला ठाऊक असावे. ग्रंथात आहे म्हणून स्वीकारू नका, अनुभवावर व विवेकावर पारखून घ्या, हे कालामांना दिलेले वचन अशा वेळी कामास येते.

४. लिहिताना काय करावे?

पहिली गोष्ट, क्रियापद तपासावे. वर्गात व्याकरण शिकवताना मला आपल्या बोलण्यातील एक खोड नेहमी दिसते. आपण म्हणतो 'शाळा सुटली', 'लग्न झाले', 'जमीन गेली'. या वाक्यांत करणारा दिसतच नाही. 'शाळा सोडायला लावली', 'लग्न लावून दिले', 'जमीन सावकाराने घेतली' असे लिहून पाहा. करणारा लगेच पुढे येऊन उभा राहतो. जेथे करणारा लपतो, तेथे नशीब येऊन बसते.

दुसरी गोष्ट, सर्वच आपल्या निवडीने झाले असाही अहंकार नको. १९७२ चा दुष्काळ कोणी निवडला नव्हता. पाऊस न पडणे हा ऋतूचा भाग. पण कोणाच्या घरी कणगी भरलेली होती आणि कोण खडी फोडायला गेले, हा समाजाचा भाग. कवितेत दोन्ही वेगवेगळे दिसावेत.

तिसरी गोष्ट, ज्यांच्यामुळे आपण उभे राहिलो त्यांचे ऋण शब्दांत यावे. आमच्या घरात पदवी घेणारी मी पहिली. गावातले लोक म्हणतात, 'पोरीच्या नशिबात शिक्षण होते.' माझी थोरली बहीणही म्हणते, 'माझ्या नशिबात नव्हते, तुझ्या होते.' हे तिचे बोलणे ओवीत बसवले तर असे होईल:

नशिबी नव्हती शाळा, बोल लावावा कुणाला
कपाळीचा लेख बाई, नाही पुसता आला

आता तीच हकिकत कारणांसह:

आई गेली खुरपायाला, ताई राहिली घराला
तिची पाटी फळीवर, माझी झोळी वाशाला

तिने सोडली म्हणून पाटी माझ्या हाती आली
माझ्या पदवीच्या पायी तिची सातवी राहिली

त्या दिवशी आईपुढे दोनच वाटा होत्या: मजुरी बुडवावी की ताईची शाळा बुडवावी. मजुरी बुडाली असती तर चूल पेटली नसती. तेव्हा आईलाही दोष नाही. पण पहिल्या ओवीत हे काहीच दिसत नाही. तिच्यात ताईचा त्याग नाही, आईची अडचण नाही, बाईच्या मजुरीचा अपुरा दर नाही. सगळे कपाळाच्या रेषेत बुडून जाते. आणि 'नशिबात नव्हते' हे एकदा घराने मान्य केले की, उद्या दुसऱ्या एखाद्या मुलीचे दप्तर खुंटीला टांगताना कोणाचाच हात अडखळत नाही. दुसरी ओवी म्हटली तर तो अडखळेल. आपल्या कवितेने एवढे जरी केले तरी पुष्कळ झाले.

चौथी गोष्ट, शेवट. सुनीताची गाथा 'मी नीच कुळात जन्मलो' येथे थांबत नाही. माणूस श्रेष्ठ ठरतो तो संयमाने व शीलाने, येथवर ती जाते. आपल्या कवितेतही जे झाले त्यानंतर आपण काय ठरवले, याची निदान एक ओळ असावी. ठरवलेली गोष्ट लहान असली तरी चालेल.

५. घरी करावयाचा अभ्यास

रविवारी सकाळी त्रिसरण-पंचशील झाल्यावर घरातील सर्वांनी एकत्र बसावे. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी सांगावे, मुलांनी लिहावे.

(१) आपल्या घरात या आठवड्यात 'नशीब', 'भोग', 'दैव' हे शब्द कोणत्या प्रसंगी उच्चारले गेले? प्रत्येक ठिकाणी खरे कारण कोणते?
(२) आजीला किंवा आईला विचारा: तुमच्या आयुष्यातील कोणती गोष्ट तुम्ही स्वतः ठरवलीत? कोणती दुसऱ्याने ठरवली? त्यांचे शब्द जसेच्या तसे उतरवून घ्या.
(३) 'सुटली', 'झाले', 'गेली' अशी तीन वाक्ये घेऊन त्यांत करणारा घाला.
(४) त्यावरून दोन ओव्या रचा. यमक जुळले नाही तरी चालेल, कारण जुळले पाहिजे.

लेखणी आता सटवाईसाठी ठेवायची नाही. ती घरातील थोरल्या मुलीच्या हाती द्या आणि पहिली ओवी तिलाच लिहू द्या.

जयभीम.