टायगरच्या अंगावरचा लेप

प्रश्न : १:३५ प्रमाणातील टायगर-१ रणगाड्याच्या प्रतिकृतीवर १३१ हा क्रमांक असून पृष्ठभाग खरबरीत आहे. ती अस्सलबरहुकूम मानावी काय?

उत्तर : मानू नये. हा खरबरीतपणा म्हणजे 'झिमरिट', अर्थात चुंबकीय सुरुंग चिकटू नयेत म्हणून चिलखतावर थापला जाणारा लेप असून, तो कारखान्यात १९४३च्या उत्तरार्धापासून लावला जाऊ लागला. उलट १३१ क्रमांकाचा रणगाडा ब्रिटिशांनी त्याच वर्षी एप्रिलमध्ये ट्युनिशियात हस्तगत केला आणि तो आज बोव्हिंग्टनच्या संग्रहालयात लेपाविनाच उभा आहे. तोफेसह सुमारे २४ सेंटीमीटर ही लांबी मात्र प्रमाणाशी जुळायला हवी. क्रमांक बदलून १९४४चा रणगाडा म्हणून ती मांडायची झाल्यास आधी चाके तपासावीत, कारण त्या वर्षीच्या फेब्रुवारीपासून रबरी धावेऐवजी पोलादी धावेची चाके बसू लागली.