बॅक्टेरियाचा थर्मोस्टॅट

एम.एस.साठी अमेरिकेला गेलेल्या कुणा सीनिअरला विचारून बघा. तिथल्या बऱ्याच युनिव्हर्सिट्या हॉस्टेलमध्ये राहणाऱ्यांकडून मेनिंजायटिसच्या लसीचा दाखला मागतात. कारण सरळ आहे. एका खोलीत तिघं-चौघं, पाण्याची बाटली एकच, खोकणं समोरासमोर. मेनिंगोकॉकस नावाच्या जंतूला पसरायला अशीच जागा लागते.

गंमत म्हणजे हा जंतू दहा माणसांतल्या साधारण एकाच्या नाका-घशात गुपचूप राहत असतो, आणि तरुणांमध्ये हे प्रमाण जास्तच. क्वचित तो रक्तात शिरतो, आणि मग काही तासांत माणूस दगावू शकतो. रक्तात तग धरायला त्याला कॅप्सूल लागते. कॅप्सूल म्हणजे औषधाची गोळी नव्हे, तर बॅक्टेरियाच्या अंगावरचं, साखरेच्या लांब साखळ्यांचं आवरण. त्यामुळे आपल्या प्रतिकारशक्तीला त्याला मारणं अवघड जातं. मग तो ते कायमच जाड का ठेवत नाही? कारण घशाच्या पेशींना चिकटायचे त्याचे हुक त्याखाली झाकले जातात. शिवाय साखळ्या बनवायला खर्च येतोच!

मग आवरण केव्हा वाढवायचं, हे त्याला कसं कळतं? 2013 साली एडमंड लो, क्रिस्टोफ टँग आणि सहकाऱ्यांनी 'नेचर'मध्ये दाखवलं, की तो तापमान ओळखतो. श्वासाच्या हवेमुळे नाकाच्या आतली जागा 37 अंशांपेक्षा गार असते. आत रक्तात 37, आणि ताप आला की त्याहून जास्त.

आपण इंजिनिअर लोक लगेच विचारू, सेन्सर कुठंय? इस्त्रीत निदान बायमेटॅलिक पट्टी तरी असते. इथे वेगळा सेन्सरच नाही. जीनवरून आरएनएची प्रत निघते आणि रायबोसोम ती वाचून प्रोटीन बनवतो. कॅप्सूलची साखर बनवणाऱ्या पहिल्या एन्झाइमच्या प्रतीचं सुरुवातीचं टोक गारव्यात स्वतःवरच दुमडतं, आणि रायबोसोमची बसायची जागा त्या घडीत अडकते. तापमान वाढलं की घडी सैल होते, जागा मोकळी होते, एन्झाइम जास्त बनतं. म्हणजे ऑर्डरचा कागद हाच थर्मामीटर! आणि हे ऑन-ऑफ बटण नाही, पंख्याच्या रेग्युलेटरसारखं हळूहळू वाढणारं आहे.

या टोकात आठ अक्षरांचा एक तुकडा लागोपाठ दोनदा येतो. त्यातली एक प्रत गळाली की घडी नीट बसत नाही आणि जंतू गारव्यातही जाड कॅप्सूल चढवतो. फक्त आठ अक्षरं! मला तरी यातलं हेच सगळ्यात भारी वाटलं.

सगळेच जंतू असं करत नाहीत. ई. कोलायचा के-5 हा प्रकार 37 अंशांना कॅप्सूल बनवतो, 20 अंशांना नाही. पण तिथे मुळात जीनची प्रत काढणंच रोखलं जातं.

रूममेटला जोराचा ताप, मान आखडलेली, उजेड सहन होत नाही, किंवा काचेच्या ग्लासने दाबूनही न जाणारे लाल-जांभळे ठिपके दिसले, तर सकाळची वाट बघू नका. रेक्टर सरांना उठवा आणि थेट हॉस्पिटल गाठा.

आणि लस? ए, सी, डब्ल्यू, वाय या गटांची लस या कॅप्सूलच्या साखरेपासूनच करतात. बी गटाची साखर मात्र आपल्याच मेंदूतल्या पेशींवरच्या साखरेसारखी असल्यामुळे तिथे जंतूची प्रोटीन्स वापरावी लागली. त्यातल्या फॅक्टर एच पकडणाऱ्या प्रोटीनच्या आरएनएलाही असाच थर्मामीटर आहे.