न गंजणारं स्टील गंजतं, तेव्हा

इंजिनिअरिंगला कॉम्प्युटर हुकलं आणि धातुशास्त्राला नंबर लागला, की बऱ्याच घरांत सांत्वनाचा सूर लागतो. तो सूर अनाठायी आहे. का, ते रासायनिक कारखान्यातल्या गळक्या टाकीपाशी उभं राहिल्यावर कळतं.

टाकी स्टेनलेस स्टीलची करतात ती गंजू नये म्हणूनच. या पोलादात किमान साडेदहा टक्के क्रोमियम असतं. ऑक्सिजनशी संयोग पावून ते पृष्ठभागावर जेमतेम काही नॅनोमीटर जाडीचा थर धरतं, आणि सगळी भिस्त त्या थरावर. समजा, ३०४ प्रतीच्या टाकीला वेल्डिंगशेजारी थेंब पाझरू लागले, भोवती तपकिरी वर्तुळ उमटलं. मेंटेनन्सवाले म्हणणार माल खराब, खरेदीवाले सर्टिफिकेट पुढे करणार, आणि शेवटी खापर वेल्डरवर फुटणार. तपास करणारा तिथला तुकडा कापतो, घासून आरशासारखा करतो, ऑक्झॅलिक आम्लाची प्रक्रिया देऊन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतो. मग धातूचे कण बांध घातलेल्या शेतांसारखे दिसू लागतात. चीर बांधाबांधानं गेली असेल तर संशय वेल्डिंगच्या उष्णतेवर: साधारण ४५० ते ८५० अंश सेल्सिअसच्या टप्प्यात पोलाद रेंगाळलं, की कार्बन क्रोमियमला कणांच्या सीमेवर ओढून घेतो आणि लगतची पट्टी उघडी पडते. चीर शेतं आडवी कापत, झाडाच्या मुळांसारखी फाटे फोडत गेली असेल, तर संशयित क्लोराइड, उष्णता आणि धातूतला ताण. पहिल्या निदानावर कमी कार्बनचं ३०४ एल चालेल. दुसऱ्यावर ते वापरणं म्हणजे पैसे पाण्यात. शिवाय क्लोराइड टाकीतल्या रसायनातूनच आलं असेल असंही नाही. चाचणीसाठी भरून तसंच ठेवलेलं बोअरचं पाणी किंवा बाहेरून भिजलेलं इन्सुलेशनही पुरतं.

मग सरळ महागडं स्टील का घेऊ नये? ३१६ मध्ये दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम असतं, त्यामुळे खड्डे पडायला ते जास्त विरोध करतं, हे खरं. पण गरम क्लोराइड आणि ताण कायम राहिला तर तेही तडकतं. कारण न शोधता केलेला खर्च पुन्हा करावा लागतो, म्हणून तर कारण शोधणाऱ्याला किंमत आहे.

पालकांचा खरा आक्षेप नोकऱ्यांचा. ‘गंज-तपासनीस पाहिजे’ अशी जाहिरात सहसा दिसत नाही. हे काम इन्स्पेक्शन, मटेरियल्स, मेंटेनन्स अशा नावांखाली दडलेलं असतं. रिफायनरी, खत कारखाने, औषध कंपन्या, चाचणी प्रयोगशाळा सगळीकडे ते लागतं. पुण्याचं सीओईपी, नागपूरचं व्हीएनआयटी, आयआयटी मुंबई इथे धातुशास्त्र शिकता येतं. केमिकल वा मेकॅनिकलवालेही पुढे इकडे वळतात, आणि डिप्लोमावाल्याला तपासणीच्या पद्धती शिकून याच दारातून आत येता येतं. तपासणीसाठी टाकीत उतरणं जोखमीचं आहे, म्हणूनच परमिट आणि ऑक्सिजनची तपासणी झाल्याशिवाय उतरायचं नसतं. मुलगा असो की मुलगी, नियम तोच. छायाचित्रावरून चिरेचा प्रकार उद्या संगणक ओळखेलही, पण ते बोअरचं पाणी किती दिवस टाकीत पडून होतं, हे कुणीतरी जाऊन विचारावंच लागतं.

कल पाहायचा असेल तर घरातलाच स्टीलचा डबा काढा, ज्यात मीठ ठेवल्यानं तळाला बारीक टिपके पडले आहेत. कारण विचारल्यावर ‘डबा हलका असेल’ म्हणून पोरगं मोकळं झालं, तर राहू द्या. पण ‘एका डब्यात कोरडं आणि एकात ओलं मीठ ठेवून बघू का?’ असं म्हणालं, तर फॉर्मवर धातुशास्त्र जरा वरच्या ओळीत लिहायला हरकत नाही.