घराण्याचा इतिहास काढताय? काय मागायचं, कुठे मागायचं, किती मोजायचं

वंशावळ तुमच्याकडे बहुधा आहेच. जातपडताळणीच्या वेळी चुलत्यांनी तयार केलेली, नाहीतर कुलवृत्तांतात छापलेली. खापरपणजोबा, पणजोबा, आजोबा, वडील. त्यात बायका नाहीत. पणजोबा कशाने गेले, त्यांच्या मागे घर कुणी सांभाळलं, निम्मी जमीन कधी आणि का गेली, एक भाऊ मुंबईला का निघून गेला, यातलं काही नाही. ही उत्तरं सरकारी दप्तरात आणि घरच्या ट्रंकेत आहेत. त्यांना पैसे फारसे लागत नाहीत. चुकीचा कागद मागितला किंवा मधला माणूस धरला, की मात्र खर्च वाढतो.

सुरुवात घरातून करा, खर्च शून्य. घरातल्या सर्वांत वयस्कर माणसासमोर फोन ठेवा आणि रेकॉर्डिंग करतो आहोत हे आधी सांगा. एका बैठकीत अर्धा-पाऊण तास पुरे, शक्यतो सकाळी. "तुमचा जन्म कधीचा?" असं विचारू नका, उत्तर अंदाजे मिळतं. पाणी कुठून आणायचात, बाजाराला कोणत्या गावी जायचात, माहेराहून न्यायला कोण यायचं, हे विचारा. तारीख हवी असेल तर घटना विचारा. पानशेत फुटलं (१२ जुलै १९६१) तेव्हा तुम्ही शाळेत होता का? कोयनेच्या भूकंपाच्या वेळी (११ डिसेंबर १९६७) थोरला मुलगा झाला होता का? मराठवाड्यात असाल तर रझाकारांच्या काळात घर कुठे हलवलं, ते विचारा. रेकॉर्डिंग त्याच दिवशी दोन ठिकाणी ठेवा.

मग ट्रंक उघडा. जुनी शिधापत्रिका, गिरणीचं तिकीट, सोसायटीचं पासबुक, आणि सर्वांत मोलाची म्हणजे लग्नातली आहेराची वही. तिच्यात कोण, कोणत्या गावचा, किती रुपये किंवा कोणतं पातळ, हे ओळीने लिहिलेलं असतं. आजीच्या माहेरचं गाव, आत्यांची सासरं, तुटलेली नाती एका वहीत सापडतात. फोटोंच्या मागे नावं लिहायची तर पेन्सिलीने लिहा, बॉलपेनची शाई पुढे उमटते. स्कॅनिंगचा दर दुकानदाराशी नगावर ठरवा आणि फोटो अल्बममधून तुम्ही स्वतः काढून न्या.

फेरफार: सर्वांत स्वस्त आणि सर्वांत बोलका कागद

लोक सातबारा काढतात आणि थांबतात. सातबाऱ्यावर आजची नावं असतात. ती नावं तिथे कशी आली, हे फेरफारात, म्हणजे गाव नमुना ६ मध्ये असतं. जुन्या मुंबई इलाख्यातल्या अनेक गावांत पहिले फेरफार १९१० च्या दशकातले आहेत.

वारसाच्या नोंदीचं पान समोर आलं की सावकाश वाचा. खातेदार अमुक तारखेस मयत. वारस मुलगा, अज्ञान, वय ७. पुढे तीन अक्षरं: अ.पा.क., म्हणजे अज्ञान पालनकर्ता. आणि त्यापुढे आईचं नाव. वंशावळीत जिचा पत्ता नाही ती बाई त्या घराची कर्ती होती, हे इथे कळतं. मृत्यूची तारीख १९१८ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरातली असेल आणि गावात त्याच आठवड्यांत अशा नोंदींची रांग लागली असेल, तर ती इन्फ्लुएन्झाची साथ असण्याची शक्यता मोठी. म्हणून फक्त आपला फेरफार मागू नका, त्याच्या मागचे-पुढचे आठ-दहा पाहायलाही मागा. ए.कु.मॅ. दिसलं तर एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. इतर हक्कांच्या रकान्यात तगाई, सोसायटीचा बोजा, गहाण दिसतं. त्या वर्षांची दुष्काळाच्या वर्षांशी सांगड घाला. १ एप्रिल १९५७ च्या आसपासच्या नोंदी जरूर पाहा. कुळकायद्यात जमीन मिळाली की गेली, ते तिथे कळेल, आणि घरात त्याबद्दल सांगितली जाणारी गोष्ट खरी आहे का तेही.

आत्या-मावश्यांची नावं हवीत तर १९५६ नंतरच्या वारसनोंदी मागा. हिंदू वारसा कायदा त्या वर्षी आला आणि मुलींची नावं लागू लागली. पाठोपाठ बऱ्याच घरांत हक्कसोडपत्रं झाली. त्यात तिचं सासरचं नाव आणि गाव असतं. नोंदणीकृत हक्कसोडपत्राची नक्कल दुय्यम निबंधक कार्यालयात मिळते.

कुठे? आधी घरबसल्या पाहा. सातबारा नुसता पाहणं फुकट आहे, डिजिटल सहीचा उतारा १५ रुपयांना. स्कॅन केलेले जुने फेरफार आणि उतारे 'आपले अभिलेख' या महसूल विभागाच्या संकेतस्थळावर बऱ्याच जिल्ह्यांचे मिळतात. गाव आणि सर्व्हे किंवा गट क्रमांक टाकून शोधा. तिथे नसेल तर तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज करा. सोबत कोर्ट फी तिकीट, ओळखपत्राची प्रत, चालू सातबारा.

इथली मोठी फसगत क्रमांकाची. जमिनींच्या एकत्रीकरण योजनेनंतर बऱ्याच गावांत सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. जुने फेरफार जुन्या नंबरावर आहेत. गट नंबर टाकून अर्ज केलात तर "आढळून येत नाही" असा शेरा येतो आणि पुन्हा अर्ज, पुन्हा खेप. आधी गट नंबर आणि जुना सर्व्हे नंबर यांचा मेळ तलाठ्याकडून किंवा भूमी अभिलेख कार्यालयातून घ्या.

अभिलेख कक्षाबाहेर "शोधून देतो" म्हणणारी माणसं भेटतील. शोधण्याची रक्कम वेगळी, नकलेची वेगळी, "आतल्या माणसाची" आणखी वेगळी. देऊ नका. त्याऐवजी माहिती अधिकारात अर्ज करा: फी १० रुपये, नकलेला पानामागे २ रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला फी नाही. अर्जात "अभिलेखांचे अवलोकन करू द्यावे" असंही लिहा. अवलोकनाचा पहिला तास मोफत असतो आणि त्या तासात वही तुमच्या हातात येते. कागद जीर्ण झाला, उपलब्ध नाही, असं तोंडी सांगितलं तर ते लेखी मागा. कुणी शंभर-पाचशेच्या मुद्रांकावर प्रतिज्ञापत्र करून आणायला सांगितलं तर थांबा. सरकारी कार्यालयात दाखल करायच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्क माफ आहे. आणि शनिवारी जाऊ नका. फेब्रुवारी २०२० पासून राज्य शासनाच्या कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा आहे.

कोतवाल बुक आणि शाळेची वही

गाव नमुना १४, म्हणजे गावची जन्म-मृत्यूची नोंद. लोक त्याला कोतवाल बुक म्हणतात. तेही तहसीलच्या अभिलेख कक्षात. मृत्यूच्या नोंदीत बहुधा कारण असतं: ताप, पटकी, देवी, बाळंतपण. सलग चार-पाच वर्षं पाहिलीत तर तुमच्या घरात किती लेकरं नाव ठेवायच्या आत गेली ते समजेल. ती मुलं कुठल्याही वंशावळीत नसतात. तुमच्या लिखाणात त्यांना जागा द्या.

प्राथमिक शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा मुख्याध्यापकांकडे लेखी अर्ज करून मिळतो. वडिलांचा धंदा, शाळा सोडल्याचं कारण, हजेरी खंडित झाल्याचा शेरा वाचा. जन्मतारीख १ जून असेल तर तिच्यावर विसंबू नका. गुरुजींनी शाळेत घालताना लिहिलेली असण्याची शक्यता जास्त.

जातपडताळणीसाठी हे कागद लागणार असतील तर वर्ष पाहून शोधा: अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींना ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती-भटक्या जमातींना २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गाला १३ ऑक्टोबर १९६७. त्या तारखेच्या आधीचा पुरावा महत्त्वाचा.

उपाध्ये, हेळवी

त्र्यंबकेश्वर, नाशिक, पंढरपूर, काशी, गया, हरिद्वार. तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत आलेल्या यजमानाचं नाव, गाव, सोबत कोण होतं, कशासाठी आले हे असतं. खाली काही वेळा पूर्वजाची स्वतःची सही, म्हणजे खुद्द पणजोबांचं अक्षर. सोबत न्या: आडनाव, मूळ गाव, गोत्र किंवा कुळी, माहीत असलेल्या तीन पिढ्यांची नावं. मूळ गाव नसेल तर शोध जवळजवळ अशक्य, कारण वह्या गाव आणि आडनावावर लावलेल्या असतात.

दक्षिणेचा छापील दर नाही. वही उघडण्याआधी विचारा: पाहण्याचे किती, फोटो काढू देणार का, त्याचे वेगळे का? विधी केल्याशिवाय वही दाखवत नाही असं कुणी म्हटलं तर विधीचा पूर्ण खर्च सामानासकट आधी ठरवा, नाहीतर हात जोडून उठा. स्टेशनवर गाठणाऱ्या माणसाबरोबर जाऊ नका. तुमच्या गावचे उपाध्ये कोण, ते गावातल्या वयस्करांना विचारून निघा. आषाढी-कार्तिकीला पंढरपूर, श्रावणात त्र्यंबक आणि सिंहस्थात नाशिक-त्र्यंबक दोन्ही टाळा. कुणाला वही चाळायला सवड नसते.

सांगली, कोल्हापूर, सोलापूर या भागात हेळवी येतात, सुगीनंतर. मराठा, लिंगायत आणि इतर अनेक घराण्यांच्या वंशावळी त्यांच्याकडे असतात आणि ते त्या वाचून दाखवतात. धान्य आणि रोख, जमेल ते द्या, हात आखडू नका. ही त्यांची पिढीजात विद्या आहे. वाचन रेकॉर्ड करायला परवानगी मागा.

तीर्थोपाध्यायांच्या वह्या सगळ्यांसाठी नाहीत, हे स्पष्ट सांगायला हवं. ज्यांना देवळात आणि घाटावर येऊ दिलं नाही त्यांच्या पूर्वजांची नावं तिथे शोधून उपयोग नाही. त्यांच्यासाठी कोतवाल बुक, शाळेचं रजिस्टर आणि वतनाच्या नोंदी जास्त कामाच्या. घरात कोणी पहिल्या किंवा दुसऱ्या महायुद्धात कामी आलं असेल तर राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या संकेतस्थळावर शोध फुकट आहे, आणि भारतीय सैनिकांच्या बऱ्याच नोंदींत वडिलांचं नाव आणि गाव दिलेलं असतं. नावाचं इंग्रजी स्पेलिंग चार-पाच प्रकारे घालून पाहा.

मोडी वाचून घेताना

१९५० च्या आधीचा कागद मोडीत असण्याची तयारी ठेवा. कुणबी नोंदींचा शोध २०२३ मध्ये सुरू झाल्यापासून मोडी वाचकांना मागणी फार आहे, दरही वाढले आहेत आणि अर्धवट शिकलेले लोकही बाजारात उतरले आहेत. म्हणून दर पानावर ठरवा, तासावर नाही. आधी चार ओळींचा नमुना घ्या. अक्षराला अक्षर असं देवनागरी लिप्यंतर वेगळं आणि अर्थ वेगळा मागा. नुसता अर्थ दिला तर चूक पकडता येत नाही. न लागलेल्या अक्षराच्या जागी फुल्या ठेवायला सांगा. मूळ कागद कुणाच्याही ताब्यात देऊ नका, फोटो पाठवा. वर्षांचं गणित तुम्ही स्वतः करा: शकात ७८ मिळवा, फसलीत ५९०, सुहूर सनात ५९९. एखाद्या वर्षाचा फरक पडू शकतो.

पाच-दहापेक्षा जास्त कागद असतील तर स्वतः शिका. पुराभिलेख संचालनालय आणि पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ यांचे मोडीचे वर्ग होतात. पेशवे दप्तर पुण्याच्या पुरालेखागारात आहे, पण तिथे थेट आपल्या आडनावाने कागद मिळेल या आशेवर जाऊ नका. परगणा, गाव आणि साधारण वर्ष हातात असेल तरच जा.

गावाचं चित्र उभं करायला दोन फुकटच्या जागा पुरेत. एक, जिल्हा गॅझेटियर. रत्नागिरीचं १८८० चं, साताऱ्याचं १८८५ चं. पिकं, मजुरी, बाजाराचे दिवस, साथी, सगळं आहे. दुसरी, जात्यावरच्या ओव्यांचा संग्रह. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगावच्या बायांकडून जमवलेल्या लाखभर ओव्या 'पारी' या ग्रामीण भारताच्या संग्रहावर आहेत, त्यातल्या काही ऐकताही येतात. तुमच्या पणजीची नसेल, पण तिच्या पंचक्रोशीतली, तिच्याच बोलीतली ओवी सापडू शकते.

आता कशावर पैसे घालवू नयेत ते. "सात पिढ्यांची वंशावळ एकरकमी" देणारे: मूळ कागदांच्या नकला आणि नोंद क्रमांक देणार नसतील तर एक रुपयाही देऊ नका. परदेशी वंशावळ ॲप: मोफत मुदतीनंतर कार्डावरून वर्षाचे पैसे आपोआप कापले जातात, आणि गावपातळीवरचे मराठी कागद त्यात फारच थोडे असतात. फॅमिलीसर्च मोफत आहे, ते आधी पाहा. डीएनए चाचणी: काही हजार रुपये मोजून टक्केवारी मिळते, पणजीचं नाव मिळत नाही. जुना फोटो "एआयने स्वच्छ" करून देणारे: ते चेहरा साफ करत नाहीत, नवा रंगवतात. मूळ स्कॅन जपा आणि छापाल तेव्हा तोच छापा.

पुस्तक काढायचंच असेल तर आधी पंचवीस प्रती डिजिटल छपाईत काढा. नातेवाईक चुका दाखवतील, त्या दुरुस्त करून मगच मोठी आवृत्ती. एक प्रत गावच्या वाचनालयाला, एक शाळेला द्या. आणि हयात माणसांच्या पूर्ण जन्मतारखा, फोन नंबर, आधारच्या किंवा सातबाऱ्याच्या प्रती त्यात छापू नका, कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप गटावरही टाकू नका. जमिनीचे आणि कर्जाचे फसवे व्यवहार करणाऱ्यांना तेवढ्या कागदांचीच गरज असते.