स्मार्ट कुलूप घ्यावं का?

भारतातून आई-बाबा राहायला आले की अमेरिकेतल्या घरात एक प्रश्न हमखास निघतो: किल्ली कुणाकडे? बाबा फिरायला बाहेर पडले आणि मागे दार लागलं, तर थंडीत दाराशी उभं राहायची वेळ! स्मार्ट कुलपाने ही अडचण सुटते. पण घर जास्त सुरक्षित होतं का?

आधी ते चालतं कसं ते पाहू. बहुतेक स्मार्ट कुलपांत दार रोखणारा दांडा नेहमीच्या डेडबोल्टचाच असतो. फक्त तो सरकवायला हाताऐवजी पेन्सिल सेलवर चालणारी छोटी मोटर असते. म्हणजे दाराला लाथ बसली, तर फारसा फरक पडत नाही. तो जोर पेलायचा असतो चौकटीवरच्या धातूच्या पट्टीने. तिचे आखूड स्क्रू काढून ३ इंची लावले, की ते चौकटीमागच्या जाड लाकडात जाऊन बसतात. खर्च अगदी किरकोळ.

आता कोड. चार अंकी कोडच्या १०,००० शक्यता असतात. पण चार वेगळी बटणं झिजलेली दिसली, तर उरतात ४×३×२×१, म्हणजे फक्त २४! म्हणून कोड सहा अंकी ठेवा आणि अधूनमधून बदला.

थोडक्यात, अडचण किल्लीची असेल तर स्मार्ट कुलूप जरूर घ्या. मात्र साध्या किल्लीनेही उघडणारं निवडा, कारण सेल कधीतरी संपणारच. काळजी चोराची असेल, तर आधी स्क्रू ड्रायव्हर हातात घ्या.