निकालानंतरही मध्यस्थी?

प्रश्न : मी दिवाणी वकिली करतो. अपिलातील प्रकरणांसाठी मध्यस्थ व्हायची इच्छा आहे. पण खालच्या कोर्टाने हुकूमनामा दिल्यावर तडजोडीला जागा उरते का? मध्यस्थाने निकाल तपासायचा असतो का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : जागा उरते. वाद मध्यस्थीकडे पाठवण्याची तरतूद करणारे दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम 89 हे 1 जुलै 2002 पासून सध्याच्या रूपात लागू आहे, आणि कलम 107 मुळे मूळ कोर्टाचे अधिकार अपिली कोर्टालाही मिळतात. निकाल बरोबर की चूक, हे मात्र कोर्टच ठरवते. मध्यस्थाने त्यावर मत देऊ नये.

अपिलात जिंकलेला पक्ष ताठ असतो, हरलेला दुखावलेला. म्हणून दोघांशी स्वतंत्रपणे बोलणे इथे फार मोलाचे ठरते. वाटपाच्या अपिलात भांडणाचे मूळ अनेकदा हुकूमनाम्यात नसतेच; ते विहिरीच्या पाण्याच्या पाळीत किंवा बांधावरच्या वाटेत असते. तडजोडीत हे मुद्दे घेता येतात. दाव्याबाहेरची स्थावर मिळकत आली, तर नोंदणीचा प्रश्न आधी तपासावा.

प्रकरण मध्यस्थीकडे गेले म्हणून हुकूमनाम्याची अंमलबजावणी थांबत नाही. स्थगिती वेगळी मागावी लागते. पक्षकारांना हे पहिल्याच बैठकीत सांगणे गरजेचे आहे. पूर्वी एखाद्या पक्षाचे काम केले असल्यास तेही उघड करावे. बैठकीतले बोलणे गोपनीय राहते.

या कामासाठी साधारणतः 40 तासांचे प्रशिक्षण लागते. पात्रतेच्या अटींची चौकशी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे करावी.